कामाआधी ओळख? एका रूढ मताचे खंडन

सामाजिक काम करू पाहणाऱ्या तरुणांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. गावात बसून काही होत नाही, मुंबई-पुण्याला जा. तिथे परिषदा भरतात, समिट होतात, मीटअप होतात. चार मोठ्या लोकांना भेट, कार्ड दे, नंबर घे, ओळखी वाढव. फंडिंग मागून येते आणि काम त्याच्याही मागून उभे राहते. सल्ला देणारे बहुतेक भल्या मनाचे असतात. ऐकणारेही तो मनापासून ऐकतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली मुले-मुली आधी बसने किंवा पॅसेंजरने गोंदिया गाठतात, दुपारची विदर्भ एक्सप्रेस धरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतात. दिवसभर सभागृह, संध्याकाळी चहापान, रात्री परतीची गाडी. असा फेरा वर्षातून दोन-तीनदा झाला की लहान संस्थेचा प्रवासखर्च संपतो आणि एकुलत्या एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचे गावातले दिवसही संपतात.

हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे मत आहे. शहर वाईट आहे किंवा तिथले लोक खोटे आहेत, म्हणून नव्हे. या सल्ल्यात कारण आणि कार्य यांची उलटापालट झाली आहे, म्हणून. सामाजिक कामात उपयोगी पडणारी ओळख एकत्र केलेल्या कामातून आणि सांभाळलेल्या नोंदीतून तयार होते. सभागृहात ती फार तर ताजी होते, जन्माला येत नाही.

पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो दुबळा नाही.

या मताच्या पाठीशी समाजशास्त्रातला एक गाजलेला सिद्धान्त उभा केला जातो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी अभ्यासकाने १९७३ साली दाखवले की नोकरीची बातमी माणसाला जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून अधिक मिळते. जवळची माणसे आपल्याच वर्तुळातली असतात, आपल्याला ठाऊक तेच त्यांना ठाऊक असते. दूरचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो. मग गोंदियाच्या कार्यकर्त्याने दूरच्या ओळखी मिळवायला मुंबईला जाऊ नये तर कुठे जावे? त्यात पैसाही तिथेच. मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत, देणगीदार आणि संस्था यांना जोडणारी १९९९ साली निघालेली दसरासारखी संस्था मुंबईत, आणि २००९ मध्ये सुरू झालेला संकल्प मंच सामाजिक उद्योजकांना गुंतवणूकदारांसमोर उभे करतो तोही मोठ्या शहरांतच.

शिवाय गोंदिया नकाशावर ठळक नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा शेजारच्या गडचिरोलीइतका चर्चेत नसतो. २०१८ साली केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेले ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे चार घेतले गेले, गोंदिया राहिला. अनेक देणगीदार अशी यादी समोर ठेवूनच जिल्हा निवडतात. देवरी-सालेकशाच्या आदिवासी पट्ट्यातल्या अडचणी गडचिरोलीतल्या कोरची-कुरखेड्याच्या अडचणींहून फार वेगळ्या नाहीत, पण यादीबाहेरच्या माणसाला स्वतः जाऊन दार वाजवावे लागते. पूर्वपक्षाचा हा मुद्दा खरा आहे. तो मी नाकारत नाही.

आता उत्तर. ग्रॅनोव्हेटरच्या ज्या लेखावर ही इमारत उभी आहे तो लेखच आधी नीट वाचू. बॉस्टनजवळच्या उपनगरातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांशी तो बोलला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे, ५५.६ टक्के लोकांची अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची क्वचितच. आकडे सगळे सांगतात. पण ही दूरची माणसे होती कोण, हे त्याच लेखात पुढे आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. कोणी कॉलेजातला जुना सोबती होता, कोणी पूर्वीचा सहकारी, कोणी पूर्वीचा मालक. कधीकाळी एकाच जागी काम केलेले, मग पांगलेले. योगायोगाच्या भेटीने किंवा सामाईक मित्रामुळे ती जुनी ओळख पुन्हा जागी झाली, एवढेच. म्हणजे दूरचे नाते निकामी नसते हे खरे, पण ते बहुधा सोबत केलेल्या कामाचे उरलेले नाते असते. चहाच्या टेबलाशी पाच मिनिटे झालेल्या बोलण्याबद्दल तो सिद्धान्त काहीच वचन देत नाही.

त्या पाच मिनिटांचाही अभ्यास झालेला आहे. पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस या कोलंबिया विद्यापीठातल्या दोघांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. नव्या ओळखी व्हाव्यात म्हणून भरवलेल्या एका मेळाव्यात त्यांनी पाहुण्यांच्या छातीवर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कोणाशी किती वेळ बोलतो ते मोजले. येण्याआधी बहुतेकांनी सांगितले होते की आम्हाला नवी माणसे भेटायची आहेत. प्रत्यक्षात ती माणसे आधीच्या ओळखीच्यांकडेच अधिक ओढली गेली. यात कोणाचा दोष नाही; अनोळखी गर्दीत मन ओळखीचा चेहरा शोधते. पण परिणाम काय होतो? ज्याच्या सभागृहात आधीच दहा ओळखी आहेत त्याच्या त्या ताज्या होतात. पहिल्यांदा आलेला अर्जुनी मोरगावचा कार्यकर्ता हातात कप धरून कडेला उभा राहतो. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला सर्वांत कमी मिळते. आपण मात्र घरी परतलेल्या त्या मुलाला सांगतो की तुला बोलता आले नाही, तुझे इंग्रजी कच्चे आहे, तू पिच नीट केली नाहीस. रचनेचा दोष माणसाच्या अंगावर घालणारा हा अन्याय मला सहन होत नाही.

पैशाचे काय? पैसा मुंबईत आहे हे खरे, पण तो ओळखीने वाहतो हे खरे नाही. निदान गेल्या दहा-बारा वर्षांत तरी त्याचे पाट कायद्याने बांधले आहेत. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्याच कलमात म्हटले आहे की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला अदानी समूहाचा ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. तिथल्या निधीची चौकशी तिरोड्यातून आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून सुरू होते. त्यासाठी वांद्र्याच्या हॉटेलातली परिषद गाठावी लागत नाही. शिवाय असा निधी घेणाऱ्या संस्थेला आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणीही लागते. हे कागद नसतील तर उत्तमातली उत्तम ओळख कुचकामी. कागद असतील, लेखापरीक्षण वेळेवर झालेले असेल आणि कामाची नोंद स्वच्छ असेल तर निम्मे दार उघडलेले असते.

मोठ्या शहरी संस्थेशी ओळख झाली तर ती आपल्याला तिच्या निधीतला वाटा देईल, ही जुनी आशाही तपासून पाहावी. पूर्वी असे होत असे, आणि कित्येक लहान संस्था त्यावर जगल्या. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणे बंद झाले. ही दुरुस्ती लहान संस्थांवर फार कठोर आहे असे मला वाटते. पण ती आहे तोवर ओळखीच्या जोरावर असा वाटा मिळेल, असे तरुणांना सांगत राहणे बरोबर नाही.

हा झाला निरुपयोगाचा मुद्दा. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. या मेळाव्यांच्या व्यासपीठावर सांगता येईल असेच काम करण्याची सवय लागते. हे कसे घडते ते आमच्या तलावांवरून सांगतो.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारोंनी जुने तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी आणि मालगुजारांनी ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे बोलीत 'मामा तलाव' झाले. धानाच्या बांधीला शेवटचे पाणी त्यांनी द्यायचे, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मासळी त्यांनी द्यायची, गुरांना आणि पाखरांनाही त्यांनीच सांभाळायचे. मालकी सरकारकडे गेल्यावर निगा राखणारा हात सुटला. गाळ साठला, काठाने बेशरम हे तण माजले, तळाच्या पाणवनस्पती गेल्या. पुढे अधिक उत्पन्नासाठी बाहेरून आणलेल्या माशांचे बीज सोडले जाऊ लागले आणि मरळ, शिंगी यांसारखे इथले मासे कमी होत गेले.

या तलावांवर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सोबतीने जे काम केले ते मला महाराष्ट्रातल्या उत्तम सामाजिक कामांपैकी एक वाटते. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती किती खोल पाण्यात वाढते, कोणत्या महिन्यात काय लावायचे, हे ज्ञान ढिवरांच्या जुन्या माणसांकडे होते. ते आधी ऐकून घेतले, उतरवून काढले, पारखले. मग बेशरम काढायचे, तळाची जमीन उन्हाळ्यात नांगरायची, दुसऱ्या तलावातून आणलेली रोपे लावायची, गुरे आत शिरणार नाहीत असे पाहायचे आणि थांबायचे. या थांबण्याला काही वर्षे लागतात. सहकारी संस्थेच्या सभेत भांडणे होतात, ती मिटवायची. पाणी कधी सोडायचे यावरून शेतकरी आणि मासेमार यांच्यात तेढ पडते, ती सोडवायची. महिलांनी सभेत बसून बोलायचे हे ठरवायलाच एखादे वर्ष जाते.

आता हे तीन मिनिटांत, इंग्रजीत, पडद्यावरच्या सहा चित्रांत सांगा. सांगणारा काय करील? तो म्हणेल, अमुक तलाव पुनरुज्जीवित, अमुक कुटुंबांना लाभ, उत्पन्नात अमुक टक्के वाढ, पुढच्या तीन वर्षांत एवढ्या तलावांपर्यंत विस्तार. समोरून प्रश्न येतो तोही विस्ताराचाच. पुढच्या वर्षी बोलायला काही हवे म्हणून गावी परतल्यावर तो नवे तलाव हाती घेतो आणि जुन्या तलावावर लावलेल्या रोपांकडे बघायला माणूस उरत नाही. बाहेरून बीज आणून सोडले की आकडा पहिल्याच वर्षी चढतो. देशी मासा परत यायची वाट पाहिली तर आकडा बराच काळ खाली राहतो. व्यासपीठ कोणत्या बाजूला ओढते हे यावरून समजावे. सगळेच वाहवत जातात असे मी म्हणत नाही. पण ओढ त्या दिशेची आहे आणि लहान संस्थेला ती झेपत नाही.

मग जिल्हा लोकांच्या नजरेत यायचा कसा? याचे एक उत्तर आमच्याच बांध्यांमध्ये आहे. सारस हा उंच, लाल मानेचा पक्षी महाराष्ट्रात आज जवळपास गोंदिया जिल्ह्यापुरता उरला आहे; शेजारी भंडारा आणि चंद्रपूरला थोडे. तो घरटे धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला करतो, म्हणजे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या हातात. गोंदियातल्या सेवा या संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे शेतकऱ्यांकडे जात राहिले, घरट्यांवर लक्ष ठेवत राहिले आणि पावसाच्या तोंडावर वन विभागाच्या सोबतीने दरवर्षी सारस मोजत राहिले. संख्या काही डझनांतच राहिली, कधी वाढली, कधी घटली; पण घटली तेव्हा ती घटली असे म्हणायला नोंद होती. वर्तमानपत्रांतून ते छापून आले, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यातून जिल्हा पातळीवर सारस संवर्धनाच्या समित्या आल्या. सारसांचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. पण गोंदियाचे नाव राज्यभर पोचले ते बांधीच्या चिखलात उभे राहून दरवर्षी केलेल्या मोजणीमुळे.

यावर कोणी म्हणेल, गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जगाला माहीत झाले ते त्यांच्याकडे जॉन्स हॉपकिन्सची पदवी होती म्हणून. पदवीचा आणि तिथल्या ओळखींचा उपयोग झालाच असणार. पण त्यांची 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये सुरू झाली आणि घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीवरचा त्यांचा निबंध लॅन्सेटमध्ये १९९९ मध्ये आला. मधल्या काळात ३९ गावांत काम आणि ४७ गावांशी तुलना, प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद. ती वही नसती तर पदवीने कोणाचेही मत बदलले नसते.

महाराष्ट्राच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण आहे, आणि पूर्वपक्षाला ते आपल्या बाजूचे वाटेल. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८८७ साली सामाजिक परिषद सुरू झाली. देशभरच्या सुधारकांना एकत्र आणणारे ते व्यासपीठ होते. १९१५ च्या डिसेंबरात ती मुंबईत भरली तेव्हा अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. जपानच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती; त्या आधारावर त्यांनी अध्यक्षीय भाषणात भारतीय स्त्रियांसाठी विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ निघाले आणि १९२० मध्ये मुंबईच्या विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. महानगर, परिषद, देणगीदार, सगळे यात आहे. पण कर्वे त्या व्यासपीठावर आले ते १८९६ पासून चालवलेला अनाथ बालिकाश्रम पाठीशी घेऊन. हिंगण्याच्या झोपडीपासून वाढवलेली शाळा आणि दारोदार फिरून जमवलेल्या लहान-लहान देणग्यांचा हिशेब, हे त्यांचे परिचयपत्र होते. परिषदेने त्यांना ऐकले, कारण एकोणीस वर्षे लोक त्यांचे काम पाहत होते. परिषदांचा मी विरोधक नाही हे यावरून ध्यानात यावे. माझा वाद क्रमाशी आहे.

तसेच, गावच खरे आणि शहर ढोंगी, हे उलट टोकाचे मतही मला मान्य नाही. एकटा पडलेला कार्यकर्ता लवकर थकतो, तीच ती चूक पुन्हा करतो, आपल्या गावालाच जग समजू लागतो. त्याला सोबती हवेतच. पण सोबती म्हणजे त्याच प्रश्नाशी झुंजणारी माणसे. गोंदिया राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांत नाही, त्यामुळे गडचिरोलीच्या ग्रामसभांना मिळणारा, अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार देवरीच्या ग्रामसभांना नाही. त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्यावरच उभे राहावे लागले. तरी त्यांतल्या काही ग्रामसभा एकत्र आल्या आणि नागपूरच्या एका निसर्ग संरक्षण संस्थेच्या मदतीने आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. निविदा कशी काढायची, ठेकेदाराशी करार कसा लिहायचा, मजुरी आणि बोनस कसा वाटायचा, हे शिकायला त्यांना दुसरी ग्रामसभाच हवी होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालत होते: एका विषयावर गावकरी आणि बाहेरचा जाणकार एकत्र बसत, वाचत, वाद घालत, निर्णय मात्र ग्रामसभाच घेई. शहरातला माणूस तिथे लागे, पण तो त्या विषयासाठी येई आणि जमिनीवर बसे. बाबा आमटे यांनी १९६७ पासून सोमनाथला भरवलेल्या श्रमसंस्कार छावणीतही हाच क्रम होता. माणसे आधी कुदळ घेऊन एकत्र राबत, मग एकमेकांची होत. त्या छावण्यांतून निघालेल्या मैत्र्यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्था उभ्या आहेत.

भेटीगाठींची रीतही आम्हाला कोणी शिकवायला नको. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते; पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, रात्री दंडार किंवा नाटक होते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला कितीतरी राज्यांतून गोंड समाज येतो, आणि भाषा, शिक्षण, हक्क यांची बोलणी तिथेच होतात. जिल्ह्यातल्या संस्थांनी या जागा आपल्या मानाव्यात.

मुंबई-पुण्यात असे मेळावे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि ती मनापासून आहे. वर्षातला एक मेळावा अर्जुनी मोरगावला घ्या. नागपूरहून गोंदिया रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, पुढे बल्लारपूरच्या गाडीने अर्जुनी. रोवणीच्या दिवसांत घेऊ नका, धान चुरण्याच्या दिवसांतही नको आणि तेंदूपत्ता तोडणीच्या वेळी तर नकोच. फेब्रुवारी चालेल, तेव्हा तलावात पाणी असते आणि लोकांना सवड. बोलणी मराठीत आणि गोंडीत ठेवा, इंग्रजीवाल्यांसाठी दुभाषा ठेवा. विषय एकच ठेवा, तलाव किंवा वनहक्क. पहिला दिवस तलावावर काढा, ढिवर बायका दाखवतील तसे फिरा, आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. येणाऱ्या गावकऱ्यांना प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. आणि निधी देणारे कोणी आले असतील तर त्यांनी पुढच्या वर्षी, त्याच तलावावर, पुन्हा यायचे आधीच कबूल करावे.